जुन्या प्रतींतला युगोस्लाव्हिया

युगोस्लाव्हिया नावाचा देश नकाशावरून पुसला जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ झाला. त्याचे सैन्य, बँका, रेल्वे, दूतावास, सगळ्याची वाटणी झाली. वाङ्मयाचीही झाली. क्रोएशियन साहित्याचा इतिहास वेगळा, सर्बियन वेगळा, पाठ्यपुस्तके वेगळी, पुरस्कार वेगळे. वाटणी झाली नाही ती जुन्या पुस्तकांच्या बाजाराची. झाग्रेबच्या ब्रिटिश चौकात रविवारी सकाळी भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार घ्या, शहराबाहेरचा ह्रेलिचचा बाजार घ्या, किंवा बेलग्रेडच्या क्नेझ मिहाइलोव्हा रस्त्यावरची पुस्तकांची टेबले घ्या. मिरोस्लाव्ह क्रलेझा, इव्हो आंद्रिच, मेशा सेलिमोविच, डानिलो किश तिथे अजून एकमेकांना खेटून उभे असतात. एकाच लेखकाचा पहिला खंड लॅटिन लिपीत, दुसरा सिरिलिकमध्ये, प्रकाशक तिसऱ्याच शहरातला, असा संचही या भाषांत कोणाला नवलाचा वाटत नाही.

या ढिगाऱ्यात सर्वांत जास्त जागा सामाजिक आणि राजकीय कादंबरीने व्यापलेली आहे, आणि ते साहजिक आहे. विसाव्या शतकात या लोकांनी दोन महायुद्धे, एक राजेशाही हुकूमशाही, परकीय ताबा, आपसांतली कत्तल, एकपक्षीय समाजवाद आणि शेवटी पुन्हा युद्ध पाहिले. लेखकाला यातून बाजूला होऊन लिहिणे जवळजवळ अशक्य होते. प्रश्न असा की या ढिगातले आज काय वाचण्यासारखे आहे, आणि ते जुन्या प्रतीतच का वाचावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझे म्हणणे त्यातच आहे. युगोस्लाव्ह काळातल्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर प्रकाशक, छापखाना, साल आणि बहुधा किती प्रती काढल्या तो आकडाही छापलेला असतो. राजकीय कादंबरीच्या बाबतीत ते साल म्हणजे मजकुराचाच भाग. 1950 मध्ये जे विनोदी गोष्टीतही चालले नाही, ते 1968 मध्ये एखाद्या पात्राच्या तोंडी आडवळणाने चालले आणि 1982 मध्ये उघडपणे छापले गेले. नव्या, गुळगुळीत आवृत्तीत ही उतरंड दिसत नाही. सगळीच पुस्तके सारख्याच स्वातंत्र्यात लिहिली असावीत, असे वाटते.

एकोणिसाव्या शतकातला भाग लवकर आटोपता येतो. आंते कोवाचिच यांची ‘नोंदणी कचेरीत’ (1888) ही खेड्यातून शहरात आलेल्या मुलाच्या नासाडीची कादंबरी क्रोएशियन शाळांत आजही नेमलेली असते, म्हणून तिच्या शालेय आवृत्त्या ढिगाने मिळतात. पेन्सिलीच्या अधोरेखांसकट. सर्बियन बाजूला राडोये डोमानोविच या शिक्षकाने 1899 ते 1902 या थोड्या वर्षांत लिहिलेल्या राजकीय उपहासकथा आहेत. त्यांच्या ‘नेता’ (1901) या कथेत एक जनसमुदाय सुपीक भूमीच्या शोधात एका मूक, गंभीर पुढाऱ्यामागे दऱ्याखोऱ्यांतून चालत राहतो. माणसे पडतात, मरतात, उरलेले चालतात, आणि शेवटी कळते की पुढारी आंधळा आहे. डोमानोविच 1908 मध्ये पस्तिशीत वारले. त्यांची छोटी, स्वस्त पुस्तके प्रत्येक राजवटीत छापली गेली आणि प्रत्येक राजवटीत ती मागच्या राजवटीबद्दल आहेत असे मानले गेले.

खरी सुरुवात होते ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. 1928 मध्ये बेलग्रेडमध्ये पाव्हले बिहाली यांनी नोलित ही प्रकाशनसंस्था काढली. पुढच्याच वर्षी 6 जानेवारीला राजा अलेक्झांडरने संसद बरखास्त करून हुकूमशाही जाहीर केली. म्हणजे डाव्या सामाजिक साहित्याचा हा प्रकाशक पोलिसांच्या नजरेखालीच वाढला. जगभरच्या सामाजिक कादंबऱ्यांचे अनुवाद, स्वस्त किंमत आणि छायाचित्रे कापून-जोडून केलेली धारदार मुखपृष्ठे ही नोलितची ओळख. त्यांतली बरीच मुखपृष्ठे बिहालींनी स्वतः केली. 1941 मध्ये जर्मनांनी त्यांना गोळी घातली. बेलग्रेडचे दुसरे मोठे प्रकाशक गेत्सा कोन यांनाही त्याच वर्षी मारले. त्या वर्षीच्या 6 एप्रिलला जर्मन बॉम्बफेकीत बेलग्रेडचे राष्ट्रीय ग्रंथालय जळाले होते. म्हणून युद्धापूर्वीची नोलितची प्रत हातात येते तेव्हा तिची किंमत संग्राहकाच्या हौसेपुरती राहत नाही. प्रकाशक मारला गेला, ग्रंथालय जळाले, आणि कोणा वाचकाच्या घरात राहिलेली प्रत तेवढी वाचली.

याच वर्षांत ‘सामाजिक साहित्य’ म्हणजे काय यावर डाव्या लेखकांतच मोठे भांडण पेटले. स्टांको लासिच यांनी 1970 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि भांडणाची कालमर्यादा 1928 ते 1952 अशी आखली. एका बाजूचे म्हणणे, साहित्याने कामगाराच्या लढ्याला थेट उपयोगी पडावे. दुसऱ्या बाजूला क्रलेझा एकटे उभे होते म्हटले तरी चालेल. ते स्वतः कम्युनिस्ट, पण प्रतिभेशिवाय लिहिलेली बांधिलकीची कथा त्यांना मान्य नव्हती. 1939 मध्ये आपल्या ‘पेचात’ मासिकात त्यांनी प्रतिपक्षाला लांबलचक उत्तर दिले आणि पक्षाशी त्यांचे संबंध तुटायला आले. जुन्या बाजारात या भांडणाचा निकाल स्पष्ट दिसतो. उपयोगी साहित्य लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज विक्रेत्यालाही आठवत नाहीत. आउगुस्त त्सेसारेत्स यांचा अपवाद करावा लागेल. त्यांच्या ‘सम्राटाचे राज्य’ (1925) मधला तुरुंग अजूनही खरा वाटतो. त्यांनाही 1941 मध्येच, झाग्रेबमध्ये, उस्ताशांनी, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांनी, मारले.

क्रलेझांची ‘बुद्धीच्या कडेवर’ (1938) ही या सबंध क्षेत्रातली माझ्या मते सर्वांत अचूक राजकीय कादंबरी. एक प्रतिष्ठित वकील एका मेजवानीत बसला आहे. यजमान उद्योगपती फुशारकीने सांगतो की 1918 मध्ये आपल्या तळघरातली वाइन चोरायला आलेल्या चार शेतकऱ्यांना आपण कुत्र्यांसारखे गोळ्या घालून मारले. सगळे ऐकून घेतात. वकील मात्र अर्धवट स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणतो की हे गुन्हेगारी कृत्य आहे. त्या एका वाक्यापायी त्याचे घर, व्यवसाय, मित्र, नाव सगळे जाते. खटला होतो, तुरुंग होतो, वेड्यांचे इस्पितळ होते, आणि तो ते वाक्य मागे घेत नाही. पुस्तकात पक्ष नाही, घोषणा नाही, क्रांती नाही. सभ्य समाज एका खऱ्या वाक्याला किती घाबरतो, एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे. त्याच वर्षी सुरू झालेली ‘ब्लित्व्हातील मेजवानी’ कल्पित बाल्टिक देशातल्या हुकूमशहाबद्दल आहे. ती विस्तृत आणि थोडी पसरट आहे. पाच खंडांची ‘झेंडे’ ही 1912 ते 1922 या दशकाची, बाप-लेकाच्या राजकीय दुराव्याची कादंबरी पुरी करायला धीर लागतो. तिचे सुटे खंड जुन्या बाजारात सहज मिळतात, पाचही एकत्र मिळवायला जास्त फिरावे लागते.

युद्धानंतर 1945 मध्ये आंद्रिच यांच्या तीन कादंबऱ्या एकदम आल्या. ताब्यातल्या बेलग्रेडमध्ये एका भाड्याच्या खोलीत त्या लिहिल्या होत्या, आणि जर्मन सत्ता असेपर्यंत काहीही छापायचे नाही असा त्यांचा निश्चय होता. ‘द्रीनेवरचा पूल’ सगळ्यांना ठाऊक आहे. 1961 च्या नोबेलने ती जगभर गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली होती, हेही आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावे. सत्तेबद्दल काही शिकायचे असेल तर मी मात्र 1954 ची छोटी ‘शापित अंगण’ हाती देईन. इस्तंबूलच्या तुरुंगात एका अभ्यासू तरुणाला, तो ज्या सुलतानपुत्राचा इतिहास वाचतो त्याच्याशी एकरूप झाल्याबद्दल, राजद्रोही ठरवले जाते. स्टालिनशी फारकत होऊन सहा वर्षे झालेल्या देशात हे पुस्तक आले, हे शेवटच्या पानावरचे साल सांगते.

त्या पहिल्या समाजवादी दशकात ढीग सर्वांत उंच आहे आणि सर्वांत निराशाजनकही. पार्टिझान म्हणजे कम्युनिस्ट गनिमांच्या लढ्याच्या जाडजूड कादंबऱ्या, कारखान्याच्या ग्रंथालयाचे शिक्के, ग्रंथालयातून काढून टाकल्याची नोंद. ओस्कार दाविचो यांना ‘निन’ हा कादंबरीचा मोठा पुरस्कार तीनदा मिळाला. आज त्यांच्या पुस्तकांना कोणी हात लावत नाही. ताब्यातल्या बेलग्रेडमधल्या भूमिगत तरुणांवरची ‘गाणे’ (1952) मात्र मला अजून जिवंत वाटते, कारण तिथे शरीराची ओढ आणि पक्षाची शिस्त यांच्यातला झगडा लेखकाने लपवलेला नाही.

ब्रांको चोपिच यांच्याबद्दल जास्त बोलायला हवे. बोस्नियन क्रायिनाच्या शेतकऱ्यांचा हा लाडका गोष्टकार स्वतः पार्टिझान होता. 1950 मध्ये त्यांनी नव्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामावर ‘पाखंडी गोष्ट’ ही छोटी उपहासकथा छापली आणि देशाचे सर्वेसर्वा टिटो यांनी जाहीर भाषणात त्यांना झोडपले. चोपिच गप्प बसले नाहीत. 1957 मध्ये त्यांनी ‘मुकी दारू’ ही कादंबरी लिहिली. ही बंदुकीची दारू. युद्धाच्या सुरुवातीला कट्टर राजकीय कमिसारांनी डाव्या उन्मादात आपल्याच गावकऱ्यांना गोळ्या घातल्या, त्याची ही कथा. पार्टिझानांची बाजू न सोडता पार्टिझानांचे पाप मांडणारे इतके लवकरचे आणि इतके माणुसकीचे पुस्तक मला दुसरे आठवत नाही. मुलांसाठी लिहिलेली त्यांची पुस्तके प्रत्येक घरात होती आणि आहेत. हे पुस्तक मात्र शोधावे लागते. 1984 मध्ये चोपिच यांनी बेलग्रेडच्या पुलावरून उडी मारून आयुष्य संपवले.

मेशा सेलिमोविच यांच्या भावाला 1944 मध्ये पार्टिझान लष्करी न्यायालयाने सरकारी गोदामातल्या किरकोळ सामानावरून गोळी घालण्याची शिक्षा दिली. सेलिमोविच स्वतः त्याच पक्षात होते. बावीस वर्षांनी, 1966 मध्ये, त्यांनी ‘दर्वेश आणि मृत्यू’ लिहिली. काळ ओटोमन बोस्नियाचा, निवेदक मठातला दर्वेश, त्याचा भाऊ अटकेत. ज्या व्यवस्थेवर आयुष्यभर श्रद्धा ठेवली तिच्या दारी तो भावासाठी जातो, आणि त्याचा धीर, त्याचा भ्याडपणा, पुढे त्याचा सूड आणि शेवटी स्वतः सत्तेत जाऊन केलेला विश्वासघात हे सगळे तो स्वतःच सांगतो. ऐतिहासिक वेषामुळे ती छापता आली हे खरे. पण त्या वेषानेच तिला मोठी केली. 1944 चा निकाल थेट सांगितला असता तर तो एका घराण्याचा आक्रोश झाला असता. इथे तो प्रत्येक श्रद्धावंत माणसाचा झाला.

यानंतर दोनच वर्षांनी द्रागोस्लाव्ह मिहाइलोविच यांची ‘भोपळे फुलले होते तेव्हा’ आली. बेलग्रेडच्या दुशानोवाट्स वस्तीतला मुष्टियोद्धा, आता स्वीडनमध्ये परागंदा, आपली हकिकत रस्त्यावरच्या बोलीत सांगतो. 1948 मध्ये स्टालिन आणि टिटो यांचे बिनसले, तेव्हा त्याचा भाऊ आणि बाप पकडले गेले. सोव्हिएतांची बाजू घेतल्याचा संशय आलेल्यांसाठी एड्रियाटिक समुद्रातल्या गोली ओतोक या उघड्याबोडक्या बेटावर 1949 ते 1956 या काळात छावणी होती. सुमारे 13 हजार माणसे तिथून गेली, आणि त्यांतले बहुसंख्य कम्युनिस्टच होते. मिहाइलोविच स्वतः तरुणपणी तिथे होते. कादंबरी विकली गेली, वाखाणली गेली. 1969 मध्ये तिचे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा मात्र टिटोंनी भाषणात हल्ला चढवला आणि प्रयोग बंद झाले. इव्हान राओस यांच्या ‘भिकारी आणि मुलगे’ (1971) या डाल्मेशियन पार्श्वभूमीच्या कादंबरीचेही तसेच झाले. पुस्तक बाजारात, आणि त्यावरची दूरदर्शन मालिका वर्षानुवर्षे अडकलेली. एकट्याने घरी बसून वाचायच्या गोष्टीला राज्यसत्ता जास्त सूट देत होती. सभागृहात लोक एकत्र हसतात किंवा स्तब्ध होतात, त्याची तिला धास्ती होती. म्हणून त्या काळाचे सर्वांत मोकळे बोलणे कादंबरीत सापडते. टिटो 1980 मध्ये गेले आणि 1982 मध्ये आंतोनिए इसाकोविच यांची ‘क्षण 2’ आली. त्यात गोली ओतोक नावासकट होते. हा लेखक पूर्वी पक्षाच्या केंद्रीय समितीवर होता. 1980 च्या दशकात त्या बेटावर इतकी पुस्तके निघाली की जुन्या बाजारात त्यांचा एक वेगळा खणच भरावा. त्यांतली बरीचशी आज आठवणींचा कागद म्हणून वाचावीत, कथा म्हणून नाही.

याच सुमारास सोव्हिएत छावण्यांचा विषय दुसऱ्या वाटेने आला. कार्लो श्टायनर हे मूळचे ऑस्ट्रियन कम्युनिस्ट वीस वर्षे सैबेरियाच्या छावण्यांत काढून 1956 मध्ये परतले आणि झाग्रेबमध्ये राहिले. त्यांचे ‘सैबेरियातले 7000 दिवस’ 1971 मध्ये तिथेच छापले गेले. ती आत्मकथा आहे, कादंबरी नाही. पण किशच्या ‘बोरिस डेव्हिडोविचची कबर’ (1976) या कथामालेला ती लागून आहे. सात कथा, आणि त्यांतल्या बहुतेकांत आपल्याच क्रांतीने गिळलेली माणसे. त्यांतली एक कथा श्टायनर यांना अर्पण केलेली आहे. पुस्तक झाग्रेब आणि बेलग्रेडच्या प्रकाशकांनी मिळून काढले, आणि बेलग्रेडच्या साहित्यवर्तुळाने किशवर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. हा आरोप मला आजही खोटा आणि हेतुपुरस्सर वाटतो. कागदपत्रे वापरून कथा रचणे ही किशची जाहीर पद्धत होती, आणि ज्यांना तिच्यातले राजकारण बोचले त्यांनी पद्धतीवर बोट ठेवले. किशने 1978 मध्ये ‘शरीररचनेचा तास’ हे पुस्तकभर उत्तर दिले, पॅरिसला गेले आणि 1989 मध्ये तिथेच वारले. श्टायनर, किशच्या कथा आणि हे उत्तर अशी तीन पुस्तके मिळून एक वाचन होते, आणि ती एकत्र फक्त जुन्या बाजारातच मिळू शकतात, कारण तिन्हींचे मूळ प्रकाशक वेगळे आणि शहरे दोन.

1980 च्या दशकाचा दुसरा चेहरा टाळून पुढे जाता येत नाही. दोब्रित्सा चोसिच यांनी 1951 मध्ये ‘सूर्य दूर आहे’ ही संयत पार्टिझान कादंबरी लिहिली होती आणि 1954 चा पहिला निन पुरस्कार त्यांच्या ‘मुळे’ला मिळाला. पुढे पहिल्या महायुद्धातल्या सर्बियावरची चार खंडांची ‘मृत्यूचा काळ’ (1972 ते 1979) घराघरात गेली. सैनिकांच्या माघारीची, टायफसची वर्णने थरकाप उडवणारी आहेत. पण सर्बियाने युद्धात जिंकायचे आणि शांततेत गमवायचे, ही भावना पानोपान मुरत जाते. 1992 मध्ये हेच चोसिच उरलेल्या युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. वुक द्राश्कोविच यांची ‘चाकू’ (1982) दुसऱ्या महायुद्धातल्या हर्जेगोविनातल्या कत्तलीवरची. अतोनात वाचली गेली, आणि जखम उघडण्यापलीकडे तिने काही केले असे मला वाटत नाही. तरीही ही पुस्तके रद्दीत घालू नयेत. युद्ध अचानक आकाशातून पडले असे ज्यांना वाटते, त्यांनी या दशकातल्या लोकप्रिय कादंबऱ्यांची साले ओळीने पाहावीत.

त्या दशकात हसणारे एक पुस्तकही होते. दुब्राव्का उग्रेशिच यांची झाग्रेबमधल्या आंतरराष्ट्रीय लेखक परिषदेवरची कादंबरी. 1988 चा निन पुरस्कार तिला मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पाचच वर्षांत, राष्ट्रवादाविरुद्ध लिहिल्याबद्दल झाग्रेबच्या वृत्तपत्रांतून चेटकीण ठरवल्या गेल्यावर, त्यांनी देश सोडला.

मग युगोस्लाव्हिया फुटण्याच्या युद्धात पुस्तकांवर उघड हल्ला आला. ऑगस्ट 1992 मध्ये सारायेव्होचे राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय तोफगोळ्यांनी जाळले गेले. क्रोएशियात ग्रंथालयांतून सर्बियन लेखकांची, सिरिलिक लिपीतली आणि डाव्या विचारांची पुस्तके काढून टाकली गेली. 1997 मध्ये कोर्चुला बेटावर ती कचऱ्याच्या पेटीत सापडली. आन्ते लेशाया यांनी 2012 मध्ये या प्रकरणावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि नष्ट झालेल्या पुस्तकांचा अंदाज सुमारे 28 लाख असा मांडला. या आकड्यापुढे जुन्या पुस्तकांचे विक्रेते जे काम करत आले, त्याला मी संस्कृतिरक्षणच म्हणेन. त्यांचा हेतू पोटाचा होता, पण ग्रंथपालांनी जे बाहेर टाकले ते त्यांनी मांडून ठेवले.

वाटणीने लेखकांचीही ओढाताण केली. डाल्मेशियातले सर्ब व्लादान देस्नित्सा यांना, ‘इव्हान गालेबचे वसंत’ (1957) च्या लेखकाला, दोन्ही साहित्ये आपले म्हणतात. मिर्को कोव्हाच यांना त्यांच्या एका कथासंग्रहासाठी दिलेला पुरस्कार 1973 मध्ये राजकीय कारणांवरून काढून घेतला होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बेलग्रेड सोडून क्रोएशियातल्या रोविन्यला गेले, क्रोएशियनमध्ये लिहू लागले, आणि जुनी पुस्तके नव्याने घडवत राहिले. त्यांचा बेलग्रेडमधला मूळ मजकूर हवा असेल, तर जुन्या प्रतीखेरीज मार्ग नाही.

व्यवहाराचे दोन शब्द. 2004 च्या सुमारास दोन्ही देशांतल्या दैनिकांनी गाजलेल्या कादंबऱ्या पुठ्ठा बांधणीत, वर्तमानपत्राच्या स्टॉलवर अगदी स्वस्तात विकल्या. त्यामुळे रांको मारिंकोविच यांची ‘सायक्लोप्स’ (1965) किंवा सेलिमोविच कुठेही मिळतात. त्या मालिकांत न बसलेली पुस्तके मात्र मागे पडली. झाग्रेबमधल्या तरुणाला शाळेत सिरिलिक शिकवत नाहीत, म्हणून तिथे बेलग्रेडची लॅटिन लिपीतली आवृत्ती पाहावी. नोलितने अशा पुष्कळ काढल्या. ऑनलाइन विक्रीही जोरात आहे, पण 2013 पासून क्रोएशिया युरोपीय संघात आणि सर्बिया बाहेर असल्याने एका कादंबरीच्या टपालाला सीमाशुल्काचे सोपस्कार आडवे येतात. आपल्याकडच्या वाचकाला इंग्रजीवरच भागवावे लागते. क्रलेझांची ‘बुद्धीच्या कडेवर’, सेलिमोविचांचा ‘दर्वेश’, किशची ‘कबर’ आणि श्टायनरची आत्मकथा इंग्रजीत आहेत. मराठीत या चारांपैकी निदान एक थेट मूळ भाषेवरून यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नव्या शतकातली पुस्तकेही आता वापरलेल्या प्रतींच्या रांगेत येऊ लागली आहेत. दाशा द्रन्दिच यांच्या ‘सोनेनशाइन’ (2007) मध्ये इटलीतून नेलेल्या किंवा मारल्या गेलेल्या सुमारे 9000 ज्यूंची नावे कादंबरीच्या मधोमध छापली आहेत. इव्हाना बोद्रोझिच यांची ‘हॉटेल झागोर्ये’ (2010) क्रोएशियातल्या वुकोव्हारहून आलेल्या मुलीची आहे. बाप युद्धात बेपत्ता, आणि विस्थापितांना ठेवलेले ठिकाण म्हणजे टिटोंच्या जन्मगावी, कुम्रोवेट्सला, पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी बांधलेली राजकीय शाळा. मुलगी तिथे वयात येते, आई सरकारी कचेऱ्यांना घरासाठी अर्ज करत राहते. चोपिचच्या शेतकऱ्यांनी आणि मिहाइलोविचच्या मुष्टियोद्ध्याने ज्या पक्षाची किंमत मोजली, त्याच्याच वर्गखोल्यांत हे कुटुंब वर्षानुवर्षे राहते, आणि बोद्रोझिच ते कोणताही शेरा न मारता, खाणावळीच्या रांगा आणि शाळेतली भांडणे यांतून सांगतात.